दोघांचं मिळून एकशे पंचावन्न

घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी त्याला सगळे छोटू म्हणायला लागले, आणि पुढे तो एकशे चार किलोचा झाला तरी ते नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. हा छोटू उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. गच्चीवरून दोन दोरांनी सोडलेल्या लोखंडी पाळण्यात उभं राहायचं आणि रंग मारत मारत खाली यायचं, असं ते काम. पाळण्यात माणसं दोन. छोटूच्या शेजारी अकरा वर्षं एकच माणूस उभा होता. उंची ताडासारखी, वजन अठ्ठावन्न किलो, म्हणून त्याचं नाव सुतळी.

गोष्ट मात्र या दोघांची नाही, छोटूच्या बायकोची आहे. सुतळी तिला वहिनी म्हणायचा. त्याचं ऐकून गल्ली म्हणायला लागली, ती जिथे काम करायची त्या लाँड्रीतल्या मुली म्हणायला लागल्या, आणि शेवटी लाँड्रीचा साठीचा मालकही म्हणायला लागला. आपण तरी वेगळं कशाला म्हणायचं? वहिनी दिवसभर हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. हात चालायचा झपाझप, पण तोंड त्याच्याही पुढे.

एके दिवशी रंगकामाच्या कंपनीने नवे पाळणे आणले. दिसायला देखणे, वजनाला हलके आणि स्वभावाने नाजूक. पाळण्यातल्या दोघांचं मिळून वजन एकशे पंचावन्नच्या वर गेलं, की मोटर हलायचीच नाही. मुकादमाने रंगाची पिंपं तोलायच्या काट्यावर एकेक जोडी उभी केली. छोटू-सुतळीची जोडी भरली एकशे बासष्ट.

"तीन महिन्यांनी मोठ्या टॉवरचं काम आहे," मुकादम म्हणाला. "तोवर जमिनीवरून खालच्या भिंती रंगवा. सात किलो उतरलं तर ठीक. नाहीतर जोडी फोडतो. छोटूला पन्नास किलोचा एक नवा गडी देतो."

छोटूने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. वहिनीला हसू आलं नाही. त्या कामात एक जुनी रीत होती. पाळण्यात चढण्याआधी आपल्या कमरेचा पट्टा आपण तपासायचा नाही, तो जोडीदाराने तपासायचा. स्वतःच्या गाठीवर ज्याचा त्याचा भरवसा असतोच, म्हणून ती दुसऱ्याने बघायची. सुतळी छोटूचा पट्टा तीन वेळा ओढून बघायचा, रोज, अकरा वर्षं. नवरा तिसाव्या मजल्यावर लोंबकळत असताना वहिनी खाली निवांत चादरी इस्त्री करायची ती सुतळीच्या त्या तीन हिसक्यांच्या जिवावर. तिथे काल आलेला कुणी पन्नास किलोचा गडी हात लावणार?

"सात किलो ना? उतरवते," ती म्हणाली.

कुणाचे, हे विचारायची गरज नव्हती. सुतळीतून काय उतरवणार, हाडं?

कंपनीच्या डॉक्टरांनी छोटूला एक कागद दिला. त्यावर न्याहारीला बदाम, अक्रोड आणि कसल्या कसल्या बिया होत्या. दुपारी गुलाबी मासा, मधल्या वेळेला एक परदेशी हिरवं फळ, आणि सगळ्यावर घालायला हिरव्या बाटलीतलं महाग तेल. नवरा-बायको तो कागद घेऊन गार हवेच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे वहिनीने बियांचं पाकीट हातात घेतलं, किंमत वाचली, आणि गरम इस्त्रीला बोट लागावं तसं खाली ठेवलं. तेवढ्या पैशात तिची आठवड्याची भाजी यायची. माशाकडे दोघांनी काचेतूनच बघितलं.

"बघ, बारीक होण्यापेक्षा जाड राहणं स्वस्त आहे," छोटू आशेने म्हणाला.

"गप्प बसा. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याने कधी पिशवी घेऊन बाजार केलेला दिसत नाही."

रिकाम्या हाताने परतताना तिने त्या कागदाचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला. पोट भरलं पाहिजे, अंगात ताकद राहिली पाहिजे, तेल आणि साखर हटली पाहिजे. एवढंच असेल तर त्याला परदेशी फळ कशाला हवं?

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला जायला लागली. त्या वेळी भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते आणि उरलेल्या पालेभाजीचं ओझं परत न्यायची इच्छा नसते. फ्लॉवरचा कोवळा पाला भाजीवाली फुकटच द्यायची, वर "कोंबड्या पाळल्यात का?" म्हणून विचारायची. "एकच आहे, शंभर किलोची," वहिनी सांगायची. अंडीवाल्याकडून ती तडा गेलेली अंडी निम्म्या भावात घ्यायची. चवीला तडा जात नाही, हा तिचा सिद्धांत. आणि कडधान्याला मोड आणायची तिची युक्ती तर अस्सल लाँड्रीची होती. भिजवलेली मटकी फडक्यात बांधून ती वाफेच्या नळाजवळ टांगायची. घरी दोन दिवस लागतात, तिथे एका दिवसात टरारून मोड. मालकाने एकदा "हे हॉटेलचं सामान आहे का?" असं विचारलं, तेव्हा तिने त्याला वाटीभर मटकी खायला घातली. पुन्हा काही त्याने विचारलं नाही.

छोटूचे मात्र हाल कुत्रा खाईना. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी मोड आणि कोबी, रात्री भोपळ्याचं पातळ सूप आणि मूठभर भात. "अगं, आता माझ्या कानातून कोबी उगवेल," तो म्हणायचा.

"उगवला तर सांगा. तेवढाच बाजार वाचेल."

आता वहिनीचा एक स्वभाव सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यापायी झालं. तिला अन्न टाकवत नसे. छोटूच्या पथ्याआधीच घरात बटाट्याचं आख्खं पोतं आणि तेलाचा मोठा डबा येऊन पडला होता. छोटूला ते वर्ज्य. वहिनीला एकटीला किती संपणार? मग तिच्या डोळ्यांसमोर आला सुतळी. बायको वारल्यापासून सहा वर्षं तो एका खोलीत एकटा राहायचा, दुपारी छोटूच्या डब्यातले चार घास खायचा आणि रात्री चहात पाव बुडवून झोपायचा. छोटूच्या डब्यात आता त्याला देण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या पथ्यापायी त्या बिचाऱ्याला कोबी का?

म्हणून वहिनी दोन डबे भरायला लागली. छोटा छोटूचा, मोठा सुतळीचा. मोठ्यात तळलेले बटाटे, तेलाचा तवंग आलेला अंड्याचा रस्सा आणि दाबून भरलेला भात. संध्याकाळी डबा परत यायचा तो धुवायची गरज नाही इतका चाटूनपुसून. "भुकेलं आहे हो माणूस!" वहिनी हळहळायची, आणि दुसऱ्या दिवशी एक डाव भात जास्त घालायची.

दर रविवारी ती छोटूला लाँड्रीत न्यायची. तिथे मळक्या चादरी तोलायचा काटा होता. छोटू बूट काढून, श्वास आत ओढून त्यावर उभा राहायचा.

"श्वास सोडा. हवेला वजन नसतं."

एकशे एक. अठ्ठ्याण्णव. मध्ये दोन रविवार काटा जागचा हलला नाही, तेव्हा छोटू लहान मुलासारखा रुसून बसला आणि वहिनीने त्याला रोज संध्याकाळी बाजारापर्यंत पायी चालवलं, पिशव्याही त्याच्याच हातात दिल्या. तीन महिने भरले तेव्हा छोटू त्र्याण्णववर आला होता. अकरा किलो! त्र्याण्णव आणि अठ्ठावन्न म्हणजे एकशे एक्कावन्न. सातच्या जागी अकरा उतरले होते. हे तर सोन्याहून पिवळं झालं.

तोलायच्या दिवशी वहिनीने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईसारखी छोटूच्या कामावर जाऊन उभी राहिली. मुकादमाने काटा पुसला. छोटू ऐटीत चढला, मागून सुतळी चढला. मुकादमाने काट्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"एकशे एकसष्ट."

"काटा बिघडलाय," वहिनी ताडकन म्हणाली.

"वहिनी, सकाळी याच काट्यावर चार जोड्या पास झाल्यात. छोटू, तू उतर बघू."

छोटू उतरला. काट्यावर एकटा सुतळी राहिला. अडुसष्ट.

मग सगळ्यांनी सुतळीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. गालांचे खड्डे बुजले होते. कामाच्या ढगळ डांगरीखाली चक्क पोटाचा उंचवटा आला होता. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस कधी भरत गेलं ते कळलंच नव्हतं, आणि छोटूला तोलण्याच्या नादात सुतळीला काट्यावर उभं करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. छोटूच्या अंगावरून जे उतरलं होतं ते वहिनीने स्वतःच्या हाताने, डब्यात भरून, शेजारच्या माणसाच्या अंगावर चढवलं होतं.

आधी मुकादम हसला, मग सगळे रंगारी. छोटू तर काट्याचा दांडा धरून हसत होता. वहिनीलाही हसू फुटलं. सुतळी तेवढा हसला नाही. मान खाली घालून तो काट्यावरच उभा होता.

"टॉवरच्या एका बाजूचं प्लास्टर अजून ओलं आहे," मुकादम डोळे पुसत म्हणाला. "दीड महिना देतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

सगळे पांगल्यावर सुतळी वहिनीजवळ आला. "वहिनी, उद्यापासून माझा डबा बंद करा. मी आधी राहायचो तसा राहीन. चहा-पावावर दीड महिन्यात होतो की नाही पुन्हा सुतळी, बघा."

"अहो भाऊजी, पण इतकी भूक होती तर तिचं काय करणार?"

सुतळी बुटावरचा रंग नखाने खरवडायला लागला.

"भूक नसायची," तो म्हणाला. "मला एवढं जेवण जातच नाही. निम्मा डबा झाला की पोट भरायचं. पण उरवला तर तुम्हाला वाटलं असतं, याला नको झालाय. आणि मग तुम्ही बंद केला असता. म्हणून रेटून संपवायचो."

वहिनीला आता सगळा हिशोब कळला. डबा रिकामा आला की ती भात वाढवत होती, आणि भात वाढला की हा माणूस घास रेटत होता, का तर कुणीतरी आपल्यासाठी रोज डबा भरतंय ते थांबू नये. मग तिला रागच आला, आधी स्वतःचा आणि नंतर त्याचा.

"चहा-पाव खाऊन टॉवरवर चढणार? आणि चक्कर आली म्हणजे माझ्या नवऱ्याचा पट्टा कोण बघणार? काही नाही. आजपासून रात्रीचं जेवण आमच्याकडे. आणि पोट भरलं की 'बस' म्हणायचं. शिका म्हणायला."

त्या दिवसापासून दोन डब्यांची दोन जेवणं बंद झाली. एकच पातेलं, तिघांना तेच: कोबी, मोड, तडा गेलेली अंडी, भोपळा, वाटीभर भात. उरलेलं बटाट्याचं पोतं वहिनीने अंडीवाल्याला देऊन टाकलं आणि बदल्यात महिनाभराची अंडी ठरवून घेतली. एका चुलीवर एकच पातेलं चढायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की खर्च पथ्याचा नव्हताच, एकाच घरात दोन तऱ्हेचं रांधायचा होता. सुतळी रोज यायचा, भोपळ्याला नावं ठेवण्यात छोटूला साथ द्यायचा, आणि पहिल्या आठवड्यात एकदा, भात वाढायला आलेला डाव हाताने अडवून, अगदी हळू आवाजात "बस" म्हणाला. वहिनीने मुद्दामच काही न बोलता डाव मागे घेतला.

दीड महिन्याने पुन्हा काटा. छोटू एकोणनव्वद, सुतळी पासष्ट. एकशे चोपन्न.

"चढा," मुकादम म्हणाला.

सुतळीने छोटूचा पट्टा ओढून बघितला. एकदा, दोनदा, तीनदा. छोटूने त्याचा बघितला. मोटर घुरघुरली आणि पाळणा जमीन सोडून वर जायला लागला. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर सुतळी कठड्यावरून खाली वाकला. तो काहीतरी विचारू की नको अशा चेहऱ्याने बघत होता.

"वहिनी, वजन तर झालं. म्हणजे आता रात्रीचं जेवण... बंद ना?"

वहिनीने तोंडाभोवती हातांचा कर्णा केला. तिचा आवाज टॉवरवरच्या झाडून सगळ्या रंगाऱ्यांना ऐकू गेला.

"सात वाजता या! उशीर केलात तर भांडी तुमच्याकडे!"

सुतळी पावणेसातलाच दारात हजर होता.