तंबूतल्या जोडीदाराची चिठ्ठी

ट्रकचा जुना टायर दोरीनं कमरेला बांधून ओढायचा. बर्फावरची घसरगाडी ओढण्याची तयारी रायपुरात आणखी कशी करणार? पहाटे आम्ही सात जण बुढा तालाबच्या काठानं सात टायर फरफटत न्यायचो. एकदा एका दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं, "काय सजा मिली है, दीदी?" मी त्याला दक्षिण ध्रुव समजावून सांगितला. अंटार्क्टिका कोणाच्याही मालकीचं नाही, हेही सांगितलं. तो सगळं ऐकून होकारार्थी "हव" म्हणाला आणि निघून गेला.

राज्य नवीन झालं होतं. साध्या भजीवाल्यानंही पाटीवर 'राजधानी' रंगवून घेतलं होतं. त्याच हवेत फौजेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी ठरवलं की या गावातली चार माणसं दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर न्यायची, आणि तीही नवखी. ज्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय अशी. अर्ज बरेच आले. धावण्यात आणि डॉक्टरांच्या तपासणीत बहुतेक गळले आणि सात उरलो. मी तेव्हा तात्यापाऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. तिथं दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नसे. मला ध्रुवाचं वेड नव्हतं, खरं सांगते. मला एका दोरीत बांधलेल्या चौघांपैकी एक व्हायचं होतं.

आमच्या घरी माणसं येत नसत, पत्रकं जात. बाबा रेल्वेत कारकून होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. बाराखडी मी सायक्लोस्टाईलच्या शाईनं माखलेल्या कागदांवर शिकले. बाबांचा एक दंडक होता. पत्रकाखाली स्वतःची सही पाहिजे, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्या हातात पहिली प्रत. पाठीमागून काही नाही. मला त्याचा फार अभिमान होता. ऑफिसात बाबा डबा एकटेच खातात, हे आईच्या तोंडून एकदा निसटलं होतं. मी त्याचाही अभिमानच धरला.

थंडीचा सराव आम्ही बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये करायचो. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या बोळात तंबू उभारायचा, जाड हातमोजे घालून स्टोव्ह पेटवायचा, दिवसभर दोघांनी आत राहायचं. माझी जोडीदार चौबे कॉलनीतली होती, नर्सचं काम करायची. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि माझ्याशी दोन्हींची खिचडी. थंडीत तिच्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडत. मी तिचे हात माझ्या काखेत धरून बसायचे. ती दात वाजवत हसायची.

"तुझ्या काखेत हीटर आहे का वो?"

"हालू नको. अजून पाच मिनिटं."

"हे बी नियमात लिहिलं का तू?"

लिहिलं होतं. तंबूच्या दारावर मी एक कागद टाचला होता: पाणी कोणी उकळायचं, आळीपाळी कशी, वाद झाला तर कोणी आधी बोलायचं. बारा कलमं होती. तिनं ती वाचली, कपाळाला हात लावला आणि खाली बटाट्याचं चित्र काढलं. ते चित्र मला आवडलं होतं. मला पहिली मैत्रीण मिळाली असं मी मनात धरून चालले होते.

शेवटच्या निवडीची रीत सरांनी आधीच सांगितली होती. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन नावं लिहायची: साठ दिवस तंबूत कोणासोबत राहाल? चिठ्ठ्या फक्त ते वाचणार. बाकी टायर, वजन, तब्येत, सगळं बघून चौघं तेच ठरवणार.

माझं डोकं तापलं. आमच्यातल्या एका मुलाचे मामा मंत्रालयात होते. तो टायर ओढण्यात सर्वांत मागं, आणि सरांचं त्याच्याशी बोलणं सर्वांत गोड. बंद चिठ्ठ्यांतून काय निघणार ते मला दिसत होतं. मी त्याच दुपारी छापखान्यात बसून पत्रक लिहिलं. चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचा. आणि ज्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही, त्याला कोणाच्याही मर्जीनं तुकडीत घेऊ नका. खाली सही केली. पहिली प्रत सरांच्या हातात दिली.

त्यांनी उभ्यानंच वाचलं. "चिठ्ठ्या बंद ठेवतात, त्याला कारण असतं."

"कारण असेल तर लेखी द्या, सर."

"पुन्हा विचार कर."

"केलाय."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "ठीक. तुझ्या म्हणण्याप्रमाणे."

रविवारी कोल्ड स्टोरेजच्या बाहेरच्या शेडमध्ये आम्ही बसलो. मी पहिलं नाव जोडीदाराचं लिहिलं. दुसरं कोणाचं लिहावं सुचेना, म्हणून जो सर्वांत कमी बोलायचा त्याचं लिहिलं. सर एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागले. आवाज अगदी सपाट होता. मामावाल्या मुलाचं नाव आलं. पुन्हा आलं. चार वेळा आलं. तो भांडी न सांगता घासायचा, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या नियमांत त्याची पाळी नसतानाही घासायचा. जोडीदाराचं नावही चारदा आलं. सहाव्या चिठ्ठीपाशी सर थांबले आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. मग त्यांनी ती वाचली, सातवीही वाचली. चौदा नावं झाली. माझं त्यात नव्हतं.

सरांनी चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात घातल्या.

नंतर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओढण्यात तू सर्वांत पुढं होतीस. मी तुझं नाव धरून ठेवलं होतं. लोकांना एकमेकांची सवय लावता येते. पण आता सगळ्यांसमोर वाचून झालंय." त्यांनी खिशातून घडी काढली आणि माझ्यापुढं धरली. "हे तुझ्या पत्रकातलं दुसरं कलम, एकाही चिठ्ठीत नाव नसलेल्याला न घेण्याचं. तू सांगशील तर मी ते मोडतो."

मला हो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. "नाही मोडायचं," मी म्हणाले.

फाटकापाशी जोडीदार उभी होती. मी सरळ विचारलं, दुसरं काही येतच नव्हतं.

"माझं नाव काहून नाही लिहिलं?"

"तू अच्छी है यार. सच्ची. माझे हात तूच वाचवले."

"मग?"

"पर तंबूत तुझ्यासोबत बसलं की मले वाटते, मी सभेत बसून राहिली." मग घाईनं म्हणाली, "मुझे क्या पता था सर सबके सामने पढ़ेंगे?"

"ते मीच मागितलं होतं."

"हव. वही तो."

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "पहिली प्रत दिली न त्याले?"

"दिली."

"मंग झालं," ते म्हणाले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. ते उठून खिडकीशी गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा त्यांचा डबा दिसला: ऑफिसातलं टेबल, आणि समोरची रिकामी खुर्ची.

टायर परत करायचा होता. तीन आठवडे मी ते टाळत राहिले, मग एका दुपारी रिक्षात टाकून कोल्ड स्टोरेजला नेला. चौघं आत सरावाला होते. चौकीदारानं टायर उतरवायला हात लावला आणि म्हणाला, "अंदर हैं सब. आवाज दूँ?"

"नको. मतलब, नहीं."

पिशवीत मी विणलेले आतल्या हातमोज्यांचे दोन जोड होते. त्या तीन आठवड्यांत दुसरं काही केलं नव्हतं. बोटांच्या टोकांना लोकर दुहेरी घेतली होती. छापखान्यात तीनदा त्यांच्यासोबत ठेवायची चिठ्ठी लिहिली आणि तिन्ही वेळा ती पत्रकासारखी झाली. शेवटी मोजे तसेच चौकीदाराच्या हातात दिले. "नर्स दीदी को देना. चौबे कॉलनीवाली."

"काकर नाव बताहूँ?" कोणाचं नाव सांगू, असं त्यानं विचारलं.

"नाम मत बताना."

त्यानं मान हलवली आणि मोजे खुर्चीवर ठेवले. आतून काही ऐकू येत नव्हतं, ते दार फार जाड असतं. मी थोडी थांबले. मग रिक्षाला नको म्हटलं आणि चालत निघाले. बरंच अंतर गेल्यावर ध्यानात आलं की मी पुढं झुकून चालतेय, कमरेला काही बांधलेलं नसताना.