कानबाईचा नारळ आणि डिंडोलीची दीड खोली

वडील गेले तेव्हा त्यांच्या मागे इस्टेट म्हणावी अशा दोनच गोष्टी राहिल्या. सुरतच्या डिंडोलीतली दीड खोली आणि एक नारळ. भांडण दोन्हींवरून झालं, आणि खरं सांगायचं तर पहिला हात नारळावर पडला.

नारळ म्हणजे आमची कानबाई. सुरतेला कापडाचे लूम चालवायला आलेली खानदेशी घरं शेतीभाती गावाला सोडून आली, पण कानबाईला घेऊन आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्या नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लाल खण नेसवून चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. आमच्या घरी देवीला नुसती बुडी देऊन परत आणायची रीत. त्यामुळे आमचा नारळ आजोबांच्याही आधीपासूनचा. हलवला की आत काहीतरी खडखडायचं. ते देवीचं मन आहे, असं मला लहानपणी सांगितलं होतं आणि मी बरीच वर्षं ते खरं मानलं.

खोली वडील आणि मावशी, दोघांच्या नावावर होती. मावशी म्हणजे वडिलांची दुसरी बायको. माझी आई मी अगदी लहान असताना गेली. मग वडिलांनी अमळनेरकडची ही मावशी आणली. वडील उधन्याला लूमच्या कारखान्यात मास्तर. यंत्रांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. त्यांनी मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. लग्नाआधी मावशीने एकच अट घातली होती, "घरवर मन्हं नाव लागी, तव्हय मी सुरतले येसू." वडिलांनी ते इतक्या मोठ्याने कबूल केलं की नंतर फिरायची सोयच उरली नाही.

वडील गेल्यावर वर्षभर सगळं शांत होतं. दुखवट्याचं वर्ष, सणवार नाहीत. आणि सणाशिवाय भांडायची आमच्यात पद्धत नाही. वर्षश्राद्ध झालं आणि माझ्या मोठ्या भावाला कंठ फुटला. तो पलसाण्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये सुपरवायझर होता आणि तिथेच बायको-मुलासह भाड्याने राहत होता. त्याचं म्हणणं, खोली विकायची, हायवेजवळ नवं घर घ्यायचं, मी त्याच्याकडे राहायचं आणि मावशीने तिच्या भावाकडे गावाला जायचं. मावशीचा तो भाऊ वडिलांच्या तेराव्यालाही आला नव्हता. तो तिला किती दिवस जेवू घालणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"हाई मन्हं घर शे," मावशी म्हणाली. "मी आठेन जावाव नही."

मग भावाने वकील गाठला. वकील गुजराती, सज्जन आणि सतत सुपारी चघळणारा. त्याने बोटांवर समजावलं: अर्धी खोली बाईची स्वतःची. उरलेल्या अर्ध्यात तिघांचे सारखे हिस्से, बाईचा, मुलाचा आणि मुलीचा. एकट्या मुलाच्या सहाव्या हिश्शाला कोण विचारतो, पण मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून वाटणी मागितली, तर दीड खोली काही कापता येत नाही. शेवटी ती विकावीच लागेल, असं तो म्हणाला. म्हणजे सगळं माझ्या सहीवर येऊन अडलं. मी तिथेच बाकावर बसले होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. माझी सही माझ्या भावाच्या खिशात आहे, असंच सगळे धरून चालले होते. मला त्या दिवशी इतका राग आला की वकिलाने दिलेला चहा मी मुद्दाम प्याले नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निघताना भावाने वकिलाला नारळाचं विचारलं. वडिलांची कानबाई, तर तिची वाटणी कशी करायची? वकिलाने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "अरे भाई, नाळियेर तो बजारमां मळे छे!" भाऊ बाहेर येऊन म्हणाला, असल्या माणसाला कायदा काय कळणार.

कायद्याची वाट न बघता त्याने एका रविवारी नारळ नेला. "कानबाई मोठा पोऱ्याकडेच ऱ्हास," असं दारातून सांगितलं आणि देवीला हेल्मेटमध्ये बसवून, हेल्मेट स्कूटरच्या पुढ्यात ठेवून पलसाण्यापर्यंत गेला. या माणसाने स्वतःच्या डोक्यावर कधी हेल्मेट घातलं नव्हतं. आठवड्यात तो नारळ परत घेऊन आला, कारण माझा भाचा त्या नारळाला घाबरून जेवेनासा झाला होता. पण तसं कबूल कसं करणार? तो म्हणाला, मिलच्या धुराने देवीचा रंग उतरतोय. मावशीने हेल्मेटमध्ये डोकावून पाहिलं, देवीला उचलून कपाळाला लावलं आणि फडताळावर ठेवलं. भावाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

या अपमानाने तो पेटला. पुढच्या रविवारी मिलमधून लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला, आणि मावशी बाजारात गेलेली असताना आमच्या कोब्यावर हिस्से आखले. सुतळी धरायला मला सांगितलं. मी धरली नाही, म्हणून रेघ वाकडी आली. अर्धा भाग मावशीचा सोडून उरलेल्या भागाचे त्याने तीन तुकडे केले आणि हिशेब करता करता स्वतःला जो तुकडा घेतला, त्यात नेमकी मोरी आली. माझ्या वाट्याला कपाटाखालची जागा आणि दाराचा कोपरा.

मावशी आली. पिशवी खाली ठेवून तिने रेघा पाहिल्या. मला वाटलं आता रडेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोरी तुन्ही का? बरं व्हयनं. कालपासून तुंबेल शे. घे खराटा."

आणि खरंच, माझा भाऊ, पलसाण्याचा सुपरवायझर, बाह्या सरसावून मोरी साफ करत बसला. हक्क सांगितला होता, आता मागे कसा फिरणार? पुढचे सगळे रविवार वहिनी त्याच्याबरोबर येऊन मोरी घासायची. वहिनी विदर्भातली, गरीब स्वभावाची. "आपल्या वाट्याले हेच काऊन आलं वो?" असं ती त्याला हळूच विचारायची.

रेघा पुसाव्यात म्हणून मावशीने सोडा लावला, रॉकेल लावलं, वीट घासली. पण कपडा रंगवणाऱ्या माणसाने आणलेला तो पक्का रंग. आमचे लोक दुसऱ्याच्या साडीचा रंग उतरू नये म्हणून जिवाचं रान करतात. घरात भांडायलाही तोच रंग आणला. कोब्याने तो असा पिऊन घेतला की वीट झिजली, पण रेघ काही हलली नाही.

असा श्रावण आला. कानबाईला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, आणि आमच्याकडची मूठ म्हणजे भरलं मापटं, गहू मोजून घ्यायचे, वेगळे दळायचे आणि त्यांच्या पुरणपोळ्या करायच्या. तो रोट भाऊबंदकीनेच खायचा आणि भाऊबंदकीनेच संपवायचा. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. एका रोटात जेवतात ते एक घर. एकदा रोट वेगळे झाले की घर कायमचं फुटलं. भाऊ म्हणाला, हा शेवटचा एकत्र रोट. रविवारी जेवायचं, सोमवारी कानबाई पाण्यावर न्यायची आणि मंगळवारी वकिलाकडे जाऊन सह्या करायच्या. त्याला यंदाच वेगळा रोट करायचा होता, पण वहिनीला खापरावरच्या पोळ्या येत नव्हत्या. तिने एकदा करून पाहिली तेव्हा ती पोळी तिच्या कोपरापर्यंत चिकटली होती.

रविवारी दाराबाहेर तीन विटांच्या चुलीवर मावशीने खापर उपडं घातलं. दोन्ही हातांवर पोळी फिरवत फिरवत ती रुमालासारखी पातळ करायची आणि खापरावर टाकायची. तिच्या हातून पोळी फाटलेली मी कधी पाहिली नाही. आत नथ घातलेली देवी आमच्या लाल रेघांकडे बघत बसली होती. मावशीने ताटंही हिशेबाने मांडली. भावाचं आणि भाच्याचं त्यांच्या हिश्श्यात, म्हणजे मोरीला लागून. माझं माझ्या कोपऱ्यात.

जेवण सुरू झालं, पण पोळ्या संपेनात. भावाने कमरेचा पट्टा सैल केला. भाचा एक पोळी खाऊन ताटातच झोपला. वहिनी म्हणाली, "अवं बाप्पा, दोन मुठींच्या एवढ्या पोळ्या झाल्या?" भावाचा हात थांबला. घरात पुरुष दोनच, तो आणि भाचा.

"मावशी, तू तीन मुठी घेतल्या?"

"घेतल्या."

आणि माझा भाऊ हुंदके देऊन रडायला लागला. तोंडात घास, मांडीवर तूप. त्याला वाटलं, मावशीने सवयीने वडिलांची मूठ घेतली. त्याचं बघून वहिनी रडायला लागली, तिच्या आवाजाने भाचा उठून रडायला लागला आणि शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. मावशी तेवढी पोळी हातावर फिरवत राहिली.

"येडा शे का तू? मरेल माणूसनी मूठ कोन मोजस?" ती म्हणाली. मग पोळीनेच माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं. "हाई पोरीनी मूठ शे ती."

भावाचं रडं जागच्या जागी आटलं. "पोरीनी मूठ मोजतस नही!"

"वकीलनी मोजी ना तिले? मंग कानबाईले मोजता येस नही का?"

भावाने देवीकडे पाहिलं. देवी अजून लाल रेघांकडेच बघत होती. मावशीने गरम पोळी माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली. तोवर कानबाईच्या पंगतीत मी उरलंसुरलं खाणारी होते. सासरी जाणारी म्हणून माझे गहू कधी कुणी मोजले नव्हते, वडिलांनीसुद्धा नाही. मी माझ्या कोपऱ्यात बसून ती पोळी खाल्ली आणि मला इतकं रडू आलं की तूप खारट लागलं.

खाऊन झाल्यावर मी बोटं चाटली आणि सांगितलं, "भाऊ, मंगळवारी मी येणार नाही. मी सही करणार नाही. मावशी इथेच राहील."

तो भडकून उठायला गेला. पण पोटात एवढा रोट होता की त्याला उठता येईना. दोनदा जोर लावून पाहिला आणि परत खाली बसला. बसल्या बसल्या भांडणं जमत नसावं. थोड्या वेळाने त्याने मोरीच्या कडेला डोकं टेकलं आणि घोरायला लागला. राहिलेल्या पोळ्या मी आणि मावशीने संध्याकाळपर्यंत संपवल्या.

महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मग मोरी तुंबल्याचा निरोप मावशीने पाठवला, आणि तो आला. वकिलाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. रोटही वेगळे झाले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, मी दुसऱ्या भाऊबंदकीत गेले. रिवाजाने आता माहेरचा रोट माझ्या तोंडी पडायला नको. पण दर श्रावणात मावशी माझी मूठ घ्यायची, मी जायची आणि लाल रेघेच्या आत, दाराच्या कोपऱ्यात बसून जेवायची. भाऊ त्याच्या मोरीशी बसायचा. रेघा अजून तशाच होत्या.

एका वर्षी गहू पाखडताना मी तिला विचारलंच, "मावशी, खरं सांग. त्या वर्षी माझी मूठ सहीसाठी घेतली होतीस ना?"

ती जराही लाजली नाही. सुपातला खडा उचलून बाहेर फेकला आणि म्हणाली, "पहिली मूठ सहीसाठेच व्हती. बाकीन्या समद्या तुन्ह्या."