पिल्लं बर्फातलं खाऊ लागेपर्यंत

डिसेंबरमध्ये मी पुण्याला का आले नाही, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, तेव्हा मी "पिल्लांमुळे" एवढंच म्हणाले. ताई, त्यावर तू फोन धाकट्याच्या हातात दिलास. मला कळलं. पण फोन स्पीकरवर होता आणि आजोबा समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर सांगता आलं नाही ते आता लिहून पाठवते आहे. तुमच्या या आजीचं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं. तुम्ही आता माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिता. चुका सापडल्या तर काढा, मला राग येणार नाही.

मार्चमध्ये आजोबांना झटका आला हे तुम्हाला माहीत आहे. उजवा पाय आणि उजवा हात गेला. पाय बराचसा परत आला, हात अर्धाच आला. तुम्हाला माहीत नाही ते पुढचं. त्यांना काही हवंसं वाटेनासं झालं. चहा करू का म्हटलं की "चालेल." कॉफी करू का, "चालेल." मुगाची खिचडी, "चालेल." फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, त्यांच्या हातात रबरी चेंडू द्यायची. ती सांगेल तितक्या वेळा ते तो दाबायचे आणि ती दाराबाहेर पडली की चेंडू खुर्चीखाली सोडून द्यायचे. मग मी वाकून काढायचा. दिवसात मी किती वेळा वाकत होते ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

डॅलसच्या आत्याआजीने डिसेंबरभर इथे शुगर लँडला येऊन राहायचं कबूल केलं, म्हणून मी तिकीट काढलं. तुझं गॅदरिंग बघायचं होतं. नाटकात तू म्हातारी होणार होतीस आणि नऊवारी मीच नेसवावी असा तुझा हट्ट होता. पण खरं सांगायचं तर मला दुसरंही काही हवं होतं. सकाळी उठून कुणाच्या गोळ्या मोजायच्या नाहीत, असे थोडे दिवस. त्या तिकिटाकडे मी तेवढ्यासाठीही बघत असे.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आजोबांनी हाक मारली.

"अगं, इकडे ये. बादली आण."

मार्चपासून त्यांनी आपणहून मागितलेली ती पहिली वस्तू. मला वाटलं उलटी होते आहे. बादली घेऊन धावले, तर ते खुर्चीतून उठून टाकीपाशी उभे होते, डाव्या हाताने काचेला धरून.

ती टाकी तुम्ही पाहिली आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने समुद्रघोड्यांची जोडी आणली होती. समुद्रघोड्यांत मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि पिल्लं नराला होतात. तो नर त्या सकाळी शेपटीने एका काडीला घट्ट धरून पोटातून वाकत होता आणि प्रत्येक वाकण्याबरोबर पिशवीतून पिल्लांचा एक झोत बाहेर पडत होता. कापलेल्या नखाएवढी पिल्लं, पण हुबेहूब घोडे, मानेसकट. याआधीही दोनतीनदा झाली होती. तेव्हा टाकीच्या फिल्टरने ती ओढून घेतली, आणि आजोबा "निसर्ग आहे" म्हणून पेपर वाचत बसले होते.

"ह्या वेळी वाढवायची," ते म्हणाले.

"कोण वाढवणार?"

"आपण."

"आपण म्हणजे मी."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "हो. तू."

नाही म्हणायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण त्या क्षणी ते खुर्चीतून आपणहून उठून उभे होते, आणि मी फिल्टर बंद केला.

ती पिल्लं वाढवणं म्हणजे काय ते तुम्हाला थोडक्यात सांगते. त्यांना पोट असं नसतंच म्हणा, खाल्लेलं लगेच बाहेर पडतं, म्हणून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खायला घालावं लागतं. खाणं जिवंत आणि हलतं हवं. पडून राहिलेल्याकडे ती बघत नाहीत. त्यासाठी एका बारीक कोळंबीची वाळलेली अंडी डब्यातून मिळतात. ती मिठाच्या पाण्यात घालायची, खालून हवा सोडायची, की दुसऱ्या दिवशी केशरी धुळीसारखी कोळंबी पोहायला लागते. रोज एक बाटली तयार हवी आणि एक लावलेली हवी. कोळंबी गाळायला श्रीखंडाच्या चक्क्याचं माझं मलमलचं फडकं गेलं. माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते हे तुमचा बाबा तुम्हाला चेष्टेने सांगतोच. त्या दिवसांत ओट्यावर उलट्या टांगलेल्या सोड्याच्या बाटल्या, नळ्या, ड्रॉपर, मिठाचे डाग. साबण वापरायचा नाही, पिल्लं मरतात. बिनसाबणाची भांडी बघून मला झोप लागायची नाही, पण झोपायला वेळही नव्हता, त्यामुळे चाललं.

पिल्लं एका मोठ्या गोल काचेच्या भांड्यात ठेवली होती. आजोबा वॉकर घेऊन येत, शेजारच्या स्टुलावर बसत आणि भिंग धरून हुकूम सोडत. रिफायनरीत चाळीस वर्षं काढलेला माणूस.

"वरून नाही, खालून. तळाचा कचरा आधी ओढ. हळू. अगं हळू, पिल्लं नाही ओढायचीयेत, घाण ओढायचीये."

"मग स्वतः ओढा."

"ओढला असता."

मी नळी तळाशी नेली.

पहिल्या आठवड्यात पिल्लं भराभर मेली. तळाशी नव्हे, वर. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, आडवी, पोटात हवा गेलेली. खाली जायचा प्रयत्न करत आणि पुन्हा वर येत. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे पांढरी पडलेली पिल्लं ड्रॉपरने काढून टिश्यूवर ठेवणं. मोजायचं नाही असं आम्ही न बोलता ठरवलं. आजोबांनी पाण्याचा खारेपणा तपासला, तापमान तपासलं, हवेचा पंप बदलायला लावला. एका दुपारी जेवायच्या आधी ते बराच वेळ भिंगातून बघत बसले.

"वर काहीतरी आहे."

"काय?"

"तवंग."

त्यांनी पेपर टॉवेल मागितला, डाव्या हाताने पाण्यावर अलगद ठेवला, उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कागदावर तेलकट पारदर्शक डाग.

"तुझी फोडणी," ते म्हणाले.

"माझी फोडणी शेगडीवर असते. तुमचं भांडं इथे आहे."

"आणि मधे भिंत कुठेय?"

ते बरोबर होतं. ह्या घरात स्वयंपाकघर, जेवायचं टेबल, सोफा आणि टाकी एकाच खोलीत आहे. मोहरी तडतडली की तेलाची वाफ सगळीकडे जाते. ती पंपातून आणि वरून पाण्यावर बसत होती आणि हवेचा घोट घ्यायला एकदा वर यावं लागणारं पिल्लू तिथेच अडकत होतं.

"ओपन किचन कुणाला हवं होतं घर घेताना?" मी विचारलं.

"तुलाच."

"मला? पार्ट्यांना बरं पडतं, सगळ्यांशी बोलता येतं, कोण म्हणालं होतं?"

"मग आता कर ना पार्टी," ते म्हणाले, आणि मार्चनंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. तोंडाची एकच बाजू हसली.

दिवाळीत चकल्या तळायला आम्ही मागच्या पॅटिओत एक विजेची शेगडी ठेवतो. फोडणी तिथे गेली. ऑक्टोबरातही शुगर लँडची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. त्यात उभं राहून डासांना एका हाताने हाकलत फोडणी करायची, सरकतं दार कोपराने उघडायचं, आत येऊन वरणावर ओतायची. तोवर ती निवलेली असे. चर्र असा आवाजसुद्धा होत नसे. पण पाण्यावरचा तवंग गेला. पिल्लं खाली राहू लागली, एकमेकांच्या शेपट्यांना शेपट्या गुंडाळून गुच्छ करू लागली. उरली होती ती फार नव्हती. पण उरली.

आजोबा सकाळी माझ्या आधी उठून बसू लागले. "उठलीस का? बाटली बघ, फुटलीये का अंडी." फिजिओथेरपीवाल्या मुलीने विचारलं, यांच्यात एवढा फरक कशाने? मी भांड्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं मी विनोद करते आहे.

आणि मी? मी थकले होते. आधी मला एक माणूस सांभाळायचा होता, आता एक माणूस आणि एक भांडं. गॅसवर दूध ठेवलं की मी उभ्या उभ्या डोळे मिटत असे. माझ्या निघण्याची तारीख जवळ येत होती. मी आत्याआजीला फोन करून सगळं समजावलं.

"वहिनी," ती म्हणाली, "दादाला सांभाळीन. त्याच्या लेकरांना नाही. मला डोळ्यांनी दिसत नाही ती, आणि मेली तर वर्षभर तो मला ऐकवेल."

ते मी आजोबांना सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तू जा. पोरं वाट बघतायत. मरतील तर मरतील, निसर्ग आहे."

मग वॉकर वळवून ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. पाच वाजता मी चहा करू का म्हणून विचारलं.

"चालेल," ते म्हणाले.

मी तिकीट रद्द केलं ते त्या संध्याकाळी. विमान कंपनीने काय कापायचं ते कापलं. बाबाला फोन केला.

"आई, माशांसाठी? सीरियसली?"

"हो."

"अगं, लेक किती अपसेट होईल. तिला काय सांगू?"

"पिल्लं लहान आहेत असं सांग."

"तीही लहान आहे, आई."

  आजोबा ऐकत होते, म्हणून मी 'तुझ्या वडिलांमुळे' असं म्हणू शकले नाही. म्हटलं असतं तर ते पुन्हा खुर्चीतून उठले नसते.

गॅदरिंगचा व्हिडिओ बाबाने पाठवला. मी तो तीनदा लावला आणि दोनदा मधेच मला झोप लागली. तिसऱ्यांदा उभं राहून पाहिला. काठी टेकत येऊन तू पाठीला हात लावून "अगं बाई गं" म्हणालीस, तेव्हा सगळं सभागृह हसलं. आजोबा म्हणाले, "ही तर तूच." पाठीला हात लावायची पद्धत माझीच होती. नऊवारी कुणी नेसवली माहीत नाही, पण निऱ्या सरळ होत्या.

त्यानंतर एकच गोष्ट बाकी होती. पिल्लांना बर्फातलं खाणं शिकवायचं. गोठवलेल्या कोळंबीचे चौकोनी तुकडे मिळतात. वितळवून घातले की झालं. बाटल्या नकोत, गाळणं नको, एका हाताने जमतं. पण ते हलत नाही, म्हणून पिल्लांना ते खाणं वाटतच नाही. आम्ही जिवंत कोळंबीत थोडं थोडं मिसळत गेलो. पिल्लू जवळ यायचं, एका डोळ्याने बघायचं, दुसऱ्या डोळ्याने बघायचं आणि निघून जायचं. रोज तेच. उरलेलं कुजायच्या आत मी ओढून काढायची, पाणी बदलायची. मग एका सकाळी सर्वांत मोठ्या पिल्लाने मान थोडी वाकवली आणि समोरून जाणारा तुकडा नाहीसा झाला.

"घेतलं," आजोबा म्हणाले. "घेतलं गं! पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. फडकं पिळत होते.

आठवड्याभरात बाकीचीही खाऊ लागली. दोन नाहीच शिकली, ती गेली. मग एक दुपार. जेवणं झाल्यावर मी सोफ्यावर टेकले, पाचच मिनिटं म्हणून. जाग आली तेव्हा उन्हं मागच्या कुंपणावर गेली होती. मी दचकून उठले. दुपारचं खाणं चुकलं, संध्याकाळचंही चुकत होतं.

आजोबा भांड्यापाशी स्टुलावर बसले होते. ओट्यावर वितळलेल्या कोळंबीची वाटी, माझी पाहुण्यांसाठीची चांगली वाटी, आडवी पडलेली. जमिनीवर स्वयंपाकघरापासून भांड्यापर्यंत पाण्याची रेघ. पुसायला त्यांनी देवाच्या भांड्यांचा नॅपकिन घेतला होता. ड्रॉपर त्यांच्या डाव्या हातात होता आणि उजव्या हाताने, त्या अर्ध्या हाताने, त्यांनी भांड्याची कड धरली होती.

"उठवलं का नाही मला?"

"घोरत होतीस."

"दुपारचं?"

"घातलं. आत्ताचंही घातलं. तळ तेवढा ओढायचा राहिलाय, ते मला नाही जमणार, एक दिवसाआड कुणीतरी ओढायला हवा." ड्रॉपर त्यांनी भलत्याच ठिकाणी ठेवला. "ती ओढेल. डोळ्यांनी दिसत नसलं तरी घाण दिसते तिला, लहानपणापासून."

"कोण ती?"

"सकाळी फोन केला मी तिला, तू आंघोळीला गेलेलीस तेव्हा. शुक्रवारी येतेय. म्हणाली, दादा, तुझ्या लेकाला तू कधी बाटली धरली नव्हतीस, आता घोड्यांना भरवतोयस. म्हटलं, ये आणि बघ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तिकीट बघ. पोरं वाट बघतायत."

तिकीट मी दुसऱ्या दिवशी काढलं. त्या संध्याकाळी जमीनसुद्धा पुसली नाही. पाणी तिथेच होतं, मी सोफ्यावर बसून राहिले, आणि उठायला कुणी सांगितलं नाही.