माझ्यात सातला तीन कमी

१९९६ सालच्या मार्च महिन्यात, एका रविवारी सकाळी, सांगलीत आमच्या फाटकापाशी आबांच्या मनगटी घड्याळाची चावी तुटून हातात आली. त्या वेळी हजर होतो आबा, मी आणि दूधवाला. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने नुकसानीचा आकडा सांगितला पाच रुपये, आणि लगेच म्हणाला, "पण हा भाग मिळणार नाही."

आबा आमच्या समोरच्या बंगल्यात राहत. मूळचे विट्याकडच्या एका वाडीचे. निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. मुलगा गलाईच्या धंद्यात पडला, सोनं गाळायचं दुकान त्याने थेट मद्रासकडे टाकलं, आणि चार पैसे झाल्यावर सांगलीत दुमजली बंगला बांधून वडिलांना त्यात आणून ठेवलं. मुलाची आई आधीच गेली होती. बंगल्याला सहा खोल्या. आबा वापरत एक, आणि व्हरांडा.

रोज सकाळी आकाशवाणीच्या सातच्या बातम्या सुरू होण्याच्या सुमारास आबा फाटकाशी येत. पटका बांधलेला, मनगट डोळ्यांजवळ धरलेलं. मी दाढी आटोपून बाहेर आलो की म्हणत, "भाऊ, माझ्यात सातला चार कमी. तुमच्यात?"

मी सांगायचो. मग ते चावी ओढून काटे सारखे करत, चावी देत, आणि बोलायला लागत. पाऊस, बोकडाचा भाव, मद्रासकडच्या लोकांचा भात. दूधवाला दिसला की पुन्हा, "काय रं गड्या, किती वाजलं तुझ्यात?" तो म्हणायचा, "आबा, आत्ताच तर भाऊंनी सांगितलं की तुमाला." "त्येंचं त्येंच्यापाशी. तुझं सांग." शाळेला निघालेल्या बाई, पेपर टाकणारा, कुणीही सुटत नसे. मुलाने पहिल्या कमाईतून आणलेलं ते चावीचं घड्याळ मागे पडे. थंडीत पाच मिनिटं, उन्हाळ्यात दोन. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "मेंढरामागं हुतो तवा सूर्व्या बघून चालायचं," ते म्हणत. "हितं सूर्व्या घरांमागं अडकतोय. मानसांनाच इचारावं लागतंय."

चावी तुटल्यावर आबा फाटकाशी यायचे बंद झाले.

मी दोनदा विचारायला गेलो. व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. "घड्याळ न्हाई, तर काय इचारू?" एवढंच बोलले. मुलाला फोन गेला. त्याने गावी येणाऱ्या माणसाबरोबर सेलवर चालणारं नवं घड्याळ पाठवलं. चार सकाळी आबा ते बांधून आले. त्यांच्यात सात, माझ्यात सात. पाचव्या दिवशी ते घड्याळ फडताळात गेलं. "ह्ये कधी चुकतच न्हाई भाऊ. चुकत न्हाई त्याला घिऊन कुनाच्या दारात जायाचं?"

तुटली होती ती चावीच्या आतली दांडी. जिऱ्यापेक्षा बारीक. सांगलीतल्या सगळ्या दुकानांत विचारून झालं. चावीची घड्याळं आता कुणी घेत नाही, भाग येत नाहीत, सेलचं घ्या. शेवटी एकाने साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीचा पत्ता दिला. त्याच्याकडे मोडीतली घड्याळं डबे भरून आहेत म्हणाला. पुढच्या रविवारी आम्ही दोघे एसटीने साताऱ्याला गेलो. बंद घड्याळ आबांनी मनगटावर बांधलंच होतं. कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी दोनदा मनगट उचललं आणि बाहीखाली लपवलं.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, एक पत्र्याचा डबा पालथा केला आणि चिमट्याने दांड्या एकेक करून लावून पाहिल्या. तासभर गेला. आबा त्याच्या हाताकडे असे बघत होते, जसं कुणी आजारी माणसाच्या नाडीवरच्या हाताकडे बघतं. शेवटी एक बसली. आबांनी श्वास सोडला. "बसली व्हय?"

"बसली. तुम्ही चहा पिऊन या, मी जरा पुसून ठेवतो."

आम्ही परत आलो तेव्हा घड्याळ टिकटिकत होतं. "सफाई केली, तेल घातलं," घड्याळजी खुशीत म्हणाला. "मागं पडत होतं, तेही काढून टाकलं. आता बघा, महिन्यात मिनिट हलायचं नाही."

"मागं पडायचंच न्हाई?" आबांनी विचारलं.

"छे! माझी गॅरंटी."

"बरं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी बाहेर आलो, तर आबा फाटकाशी. "भाऊ, माझ्यात सातला तीन कमी. तुमच्यात?"

"बरोबर सात."

"बघा! त्या सातारच्या म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई." आणि हसत त्यांनी काटे सारखे केले. दूधवाला ओरडला, "आलं व्हय आबा कामावर?"

त्यानंतर रोज तीन कमी. दोन नाही, पाच नाही. मी सूतगिरणीच्या हिशेबखात्यात आयुष्य काढलं. रोज तेवढीच येणारी तूट माझ्या डोळ्यांना खुपते. एका संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात चहा घेताना मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. सकाळपासून निदान मिनिटभर तरी मागे पडायला हवं होतं. ते माझ्या घड्याळाबरोबर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "माझ्यात सातला तीन कमी."

घरी मी बायकोला हे सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "उद्यापासून आणखी पाच मिनिटं आधी बाहेर जात जा." मी जात राहिलो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. आदल्या सकाळी फाटकाशी आले होते. मुलगा मद्रासकडून आला, दिवस घालून बंगल्याला कुलूप लावायला निघाला. आल्या आल्याच त्याने घड्याळ माझ्या हातात दिलं होतं. "तुमी ठेवा भाऊ. मागं पडतंय म्हनं लय. रोज लावत बसायचं आबा."

मधले ते बारा-तेरा दिवस मी त्याला रोज सातला चावी दिली. अर्धं मिनिटही मागे पडलं नाही. फाटकाशी उभा राहिलो, पण कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

निघताना मुलाने विचारलं, "दुरुस्तीचं काय द्यायचं ऱ्हायलंय का? तुमी सोबत गेला हुता म्हनं."

मी म्हणालो, काही नाही. दांडीचे बारा रुपये आबांनी साताऱ्याच्या घड्याळजीला तिथेच रोख दिले. वेळ बरोबर करून दिल्याचे त्याने घेतले नाहीत.