अंगठ्याची चौकट
स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला की मला कापडे गावाच्या वरची ती वाडी आठवते. दरडीचा धोका असलेल्या घरांच्या सरकारी यादीतून वाडीतली निम्मी घरं सुटली होती, म्हणून आम्ही संघटनेचे कार्यकर्ते हरकत घेणार होतो. महाडला कोर्टासमोर टायपिंग करणारे चाचा म्हणाले, "बेटा, अर्ज मी मांडून देतो." मी फाडकन बोललो, "चाचा, ही चळवळ हाय, लग्नपत्रिका नाय." मग लॅपटॉपवर मीच अर्ज बनवला आणि एका पानात चाळीस नावं आणि प्रत्येकापुढे अंगठ्याची चौकट बसवली, त्याचा केवढा अभिमान! देवळाच्या ओट्यावर भातलावणीच्या चिखलाने भरलेल्या पायांनी बायका रांगेत बसल्या आणि एकेक अंगठा उमटत गेला. तहसील कचेरीने अर्ज परत केला. अंगठे एकमेकांवर चढले होते, कोणाचा कुठला ते कळेना. मी तणतणत वाडीवर गेलो आणि समोर आलेल्या म्हातारीवरच ओरडलो, "आजी, चौकटीत अंगठा लावायचा, एवढंही कळत नाय?" ती ओशाळली. "हात कापतो रे बाबा, चुकलं माझं." नवा अर्ज करायला शेवटी चाचांकडेच गेलो. त्यांनी माझ्या चौकटीवर आपला अंगठा टेकवला, तर चौकट त्याखाली दिसेनाशीच झाली. "सही करणाऱ्याने बनवलाय हा," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मोठ्या चौकटींच्या कागदावर वाडीतले सगळे अंगठे सुटे उमटले. म्हातारीने भीतभीत विचारलं, "आता बरा लागला ना रे?" मी नुसतं "हो" म्हटलं. सरकारने चूक कबूल करावी, असं मी आजही प्रत्येक पत्रकात छापतो. माझी चूक मात्र त्या म्हातारीला मी अजून सांगितलेली नाही.