कॅमेऱ्यासमोरची गर्दी

मोठ्या लीगची फुटबॉल मॅच होती. समोरचा महागडा स्टँड ओस पडला होता. तिथल्या एका तिकिटात आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. कॅमेरे मात्र नेमके तिकडेच रोखलेले. मग हेडफोनवाला एक जण आमच्या स्वस्त स्टँडात आला. म्हणाला, "पटापट समोर जाऊन बसा, टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतायत."

लोक खूश होऊन धावले. टीव्हीच्या पैशावर माजलेल्या या खेळाला आता प्रेक्षक नको आहे, खुर्च्या झाकायला माणसं हवीत.

शेजारी बसलेले कोल्हापूरचे काका हलले नाहीत. "आमच्याकडं शूटिंगला गर्दीत उभारलं की पैसे मिळायचे," ते म्हणाले. "इथं तिकीट काढून उभारायचं व्हय?"

मी अर्धवट उठलो होतो. गुपचूप खाली बसलो.