नजीबाच्या दारावरचा घड

वाळवंटातल्या नेफ्ता गावच्या हवामान केंद्रात नजीबा सव्वीस वर्षं उपग्रहाची चित्रं बघते आहे. गावाला मात्र तिची एकच गोष्ट आठवते. तीन वर्षांपूर्वी, ऐन खजूर उतरवायच्या दिवसांत, तिला चित्रात पांढराशुभ्र ढग दिसला आणि "पाऊस येतोय, घड झाका" म्हणून तिने सगळं गाव कामाला लावलं. माणसं झाडांवर चढली, घडाघडाला प्लास्टिक बांधलं. पडलं कडकडीत ऊन. प्लास्टिकखाली खजूर घामेजले नि आंबले. बशीरकाकाने त्यातला एक घड तिच्या दारावर टांगला. काका म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. थट्टेत गावात पहिला.

चूक तिचीच होती. उपग्रह उष्णता बघतो; जे थंड, ते चित्रात पांढरं. उंचावरचा विरळ ढगही थंडच, म्हणून पांढराच, मग त्यातून एक थेंबही पडणार नसला तरी! तेव्हापासून ती उष्णतेची दोन वेगवेगळी चित्रं शेजारी ठेवते. ढग विरळ असला की खालच्या वाळूची ऊब त्यातून झिरपते आणि दोन्हींचे आकडे जुळत नाहीत.

यंदा पुन्हा पांढरा ढग आला. आकडे तंतोतंत जुळले. ढग चांगला जाडजूड होता. पुन्हा चुकलं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. तरी ती सकाळीच चहाच्या दुकानात गेली.

"काका, घड झाका. उद्या पाऊस आहे."

"आली बघा पाऊसवाली! अगं, तुझ्या उपग्रहापेक्षा माझा गुडघा बरा. तो म्हणतोय, नजीबाचं ऐकू नकोस."

सगळे खदखदून हसले.

"मग गुडघ्यालाच चढवा झाडावर!" ती फणकारली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. खरं ठरल्याचा आनंद तिला झालाच नाही. काकाची नऊ झाडं उघडी असणार, एवढंच मनात येत होतं.

घरी आली तर दारावर घड! "आता भिजले तेही माझ्याच माथी?" ती चिडली. मग हात लावला. खजूर कोरडे. एक तोंडात टाकला, गोड मध.

ओट्यावर काका पाय पसरून बसला होता. गुडघा टम्म सुजलेला.

"माशा फार झाल्या होत्या, म्हणून झाकले," तो म्हणाला.

"एकट्याने? गडी कुठे होते?"

"त्यांना बोलावलं असतं तर तुझं ऐकलं म्हणून गावभर झालं असतं."